कंपवात: थरथरीच्या आधी मंदपणा पाहा

पंचवटीतल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांच्या उशाशी रामनाम लिहायची वही असते. रोज एक पान, प्रत्येक ओळीत 'श्रीराम जय राम जय जय राम'. अशा वहीतलं दोन वर्षांपूर्वीचं पान आणि कालचं पान शेजारी ठेवून पाहा. जुन्या पानावर ओळ ज्या आकारात सुरू झाली त्याच आकारात संपते. नव्या पानावर पहिला 'श्री' नीट असतो, मग अक्षर आखडत जातं आणि शेवटचा 'राम' मुंगीएवढा उरतो. रेघा थरथरलेल्या नसतात. घरचे म्हणतात, चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण दिसायला कमी झालं की माणूस मोठं अक्षर काढतो, बारीक नाही. ओळीच्या टोकाकडे असं आकसत जाणारं अक्षर ही पार्किन्सन्सची, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो त्या आजाराची, बरीच आधी दिसणारी खूण असू शकते.

या आजाराच्या नावानेच थोडा घोटाळा केला आहे. कंपवात म्हटलं की सगळे थरथर शोधतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांवरून याचं वर्णन लिहिलं, त्यातले काही तर त्यांनी रस्त्यावर नुसते चालताना पाहिले होते. त्यांनीही नाव देताना थरथरीलाच पुढे केलं. न्यूरॉलॉजिस्ट मात्र आधी मंदपणा तपासतो. हालचाल मंद झालेली नसेल तर पार्किन्सन्सचं निदान होत नाही. मंदपणा हवाच, आणि त्याच्या जोडीला कंप किंवा ताठरपणा यांपैकी एक तरी हवा. चार-पाच रुग्णांमागे एकाला निदानाच्या वेळी कंप नसतोच. अशा माणसाचं घरात 'वय झालं आता' या तीन शब्दांत वर्ष-दोन वर्षं निघून जातात.

ठिबकच्या शेवटच्या झाडाची गोष्ट

मेंदूच्या देठात दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टा असतो. त्यातल्या पेशींत गडद रंगद्रव्य असतं, म्हणून मेंदू कापून पाहिला तर तो नुसत्या डोळ्यांनाही काळा दिसतो. पार्किन्सन्सच्या रुग्णात तो फिकट पडलेला असतो, कारण त्या पेशीच मेलेल्या असतात. या पेशी डोपामिन हे हालचालीचा निरोप पोचवणारं रसायन तयार करतात.

डोपामिनचं काम समजायला निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबाग डोळ्यांसमोर आणा. ठिबकच्या मोटरचा दाब कमी झाला तर पाणी बंद पडत नाही. ओळीतल्या पहिल्या झाडांना ते मिळतं, पुढे थेंब बारीक होत जातो आणि टोकाचं झाड कोरडं राहतं. डोपामिन कमी पडल्यावर हालचालीचं तसंच होतं. ताकद असते, लकवा नसतो. पहिली हालचाल बरी होते, दुसरी थोडी लहान, दहावी अगदीच लहान. अक्षर आकसतं, बोलताना वाक्याच्या शेवटी आवाज बसतो, चालताना पावलं तोकडी होत जातात. तिन्हींच्या मागे कारण एकच.

पट्ट्यातल्या साधारण निम्म्या पेशी जाईपर्यंत बाहेर काही दिसत नाही, मेंदू भागवून घेतो. म्हणून 'गेल्या महिन्यात सुरू झालं' असं घरच्यांना वाटतं तेव्हा आत ते कित्येक वर्षं चालू असतं.

पेशी मरतात का, तर त्यांच्यात अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रथिन चुकीच्या घडीत दुमडतं आणि त्याच्या गुठळ्या साचतात. झिजेच्या इतर आजारांचीही रीत साधारण हीच आहे. प्रथिन वेगळं, साचण्याची जागा वेगळी, त्यामुळे लक्षणं वेगळी. अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं साचतात आणि आधी नव्या आठवणी बसवणारा भाग झिजतो. त्यामुळे १९६५ सालचं लग्न आठवतं, सकाळचा नाश्ता आठवत नाही. एएलएस या मोटर न्यूरॉनच्या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरतात. हात-पाय बारीक होतात, स्नायू त्वचेखाली फडफडतात, पुढे गिळणं आणि श्वास अडतो, पण स्पर्श कळत राहतो. तो आजार फार वेगाने जातो, बहुतेकांना २ ते ५ वर्षं मिळतात. हंटिंग्टन या अंग नकळत हलवणाऱ्या आजाराचं कारण एका जनुकातल्या दोषात आहे. आई किंवा वडिलांना तो असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के. पार्किन्सन्सचा वेग या सगळ्यांत मवाळ म्हणता येईल, आणि त्यावरची औषधंही सगळ्यांत जास्त काम करतात. म्हणून तो वेळेवर ओळखण्यात अर्थ आहे.

कशामुळे होतो

बहुतेक रुग्णांत बोट ठेवावं असं एकच कारण सापडत नाही. वय हा सर्वांत मोठा धोका, साठीनंतर तो वाढत जातो. पुरुषांत प्रमाण थोडं जास्त. घरात आधी कुणाला असणं हे दहातल्या एक-दोघांत दिसतं.

नाशिककरांनी जिथे थांबून वाचावं ते कारण म्हणजे रसायनं. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक ताठरले, हलेचनात, अगदी जुन्या पार्किन्सन्सच्या रुग्णांसारखे. त्यांनी टोचून घेतलेल्या चोरट्या मालात एमपीटीपी नावाची भेसळ होती. ती शरीरात जे रूप घेते ते त्या काळ्या पट्ट्यातल्या पेशींत शिरून त्यांची ऊर्जा बनवण्याची यंत्रणा बंद पाडतं. त्या रूपाची रासायनिक ठेवण पॅराक्वाट या तणनाशकाशी खूप मिळतीजुळती आहे. पॅराक्वाटशी वर्षानुवर्षं संपर्क आलेल्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण जास्त आढळतं. याचा अर्थ फवारणाऱ्या प्रत्येकाला आजार होतो असा होत नाही, बहुतेकांना होत नाहीच. पण पाठीवरचा पंप गळत असताना ओला शर्ट दिवसभर अंगावर ठेवणं, द्रावण उघड्या हाताने ढवळणं, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारणं, नोझल तुंबला की तोंडाने फुंकणं या चारही सवयी सोडण्यासारख्या आहेत. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, लांब बाह्यांचे कपडे हवेत. आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. धुणारी बाई फवारणी न करताच विष अंगावर घेते.

दुसरं कारण औषधाच्या डब्यात असतं, आणि ते बरं होण्यासारखं असल्यामुळे आधी शोधावं. चक्कर येते म्हणून दिलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, पित्तासाठी रोज सकाळी घेतली जाणारी पॅन्टोप्राझोल-लेव्होसल्पिराइडची जोडगोळी, उलटीचं मेटोक्लोप्रामाइड, मनोविकारांवरची काही औषधं: ही सगळी डोपामिनचा दरवाजा अडवतात आणि हुबेहूब पार्किन्सन्ससारखं चित्र उभं करतात. दहा दिवसांसाठी लिहून दिलेली पित्ताची गोळी मेडिकलमधून दोन वर्षं आणत राहिलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. अशा वेळी लक्षणं बहुधा दोन्ही बाजूंना सारखी असतात. औषध थांबवल्यावर ती काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतात. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नावं तोंडी सांगू नका. आणि मनोविकाराचं औषध कधीही स्वतःच्या मनाने बंद करू नका.

घरात काय दिसतं

सर्वांत आधी येणाऱ्या तक्रारींचा हालचालीशी संबंध वाटतच नाही. वास कमी होतो: हिंगाची फोडणी, करपलेलं दूध, उदबत्ती काहीच जाणवत नाही. (गॅस गळती कळणार नाही हा त्यातला व्यवहारी धोका. अशा घरात गॅसचा अलार्म लावा.) बद्धकोष्ठ जडतं. झोपेत स्वप्नाबरहुकूम हात-पाय चालतात, शेजारी झोपलेल्या बायकोला लाथ बसते, माणूस ओरडत पलंगावरून खाली पडतो. ही झोपेतली मारामारी कंपाच्या दहा-दहा वर्षं आधीही सुरू झालेली असू शकते. यातलं एकच लक्षण म्हणजे पार्किन्सन्स नव्हे. बद्धकोष्ठ निम्म्या गावाला असतं.

पुढची खूण बहुधा एकाच बाजूला दिसते. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मागून पाहिलं तर एक हात लयीत हलतो आणि दुसरा कोपरात किंचित वाकून अंगाला चिकटलेला असतो. एका पायाची चप्पल घासल्याचा आवाज येतो. त्याच बाजूचा खांदा दुखतो. मग फ्रोजन शोल्डर म्हणून सहा महिने शेक आणि व्यायाम होतात, दुखणं जात नाही. शर्टची बटणं लावायला वेळ लागतो, भाकरी थापताना एक हात मागे पडतो. चेहरा हलत नाही, पापण्या कमी लवतात. लोकांना वाटतं, काका रागावलेत.

घरी एक गोष्ट करून पाहता येते. अंगठा आणि तर्जनी शक्य तितकी लांब फाकवून एकमेकांवर आपटायची, भरभर, पंधरा वेळा, एका वेळी एकच हात. वेग कमी आहे का एवढंच पाहू नका. फाकवण्याचं अंतर पाहा. आठव्या-दहाव्या वेळेला ते आकसत गेलं, मध्येच अडखळलं, आणि दुसऱ्या हाताचं तसं झालं नाही, तर दाखवायला हवं.

कंप असेल तर तो कधी येतो ते महत्त्वाचं. पार्किन्सन्सचा कंप हात मांडीवर निवांत ठेवून टीव्ही पाहताना येतो, सेकंदाला ४ ते ६ वेळा, तपकीर चिमटीत चोळावी तसा. कप उचलायला हात पुढे गेला की तो थांबतो किंवा कमी होतो. याउलट चहा बशीत ओतताना, सही करताना दोन्ही हात थरथरत असतील, मान हलत असेल आणि वडिलांनाही तसंच होतं असं सांगितलं जात असेल, तर तो बहुतेक इसेन्शियल ट्रेमर हा वेगळा प्रकार असतो. त्याची औषधं निराळी.

निदान डॉक्टरांच्या तपासणीतून होतं. एमआरआय या आजारात साधारणपणे नॉर्मलच येतो. तो काढतात दुसरं काही नाही ना हे पाहायला. 'एमआरआय चांगला आलाय, म्हणजे काही नाही' हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा. पहिल्याच वर्षात वारंवार, विशेषतः मागे, पडणं, खाली पाहता न येणं, लघवीवरचा ताबा लवकर जाणं, गोळ्यांचा मुळीच फरक न पडणं: असं असेल तर तो पार्किन्सन्सचा भाऊबंद पण जास्त वेगाने जाणारा आजार असू शकतो. निदान पुन्हा तपासून घ्या.

पुढे कसा जातो

१९६७ पासून वापरात असलेल्या मोजपट्टीत पाच टप्पे आहेत. पहिल्यात एकच बाजू, दुसऱ्यात दोन्ही बाजू पण तोल शाबूत, तिसऱ्यात तोल जायला लागतो, चौथ्यात त्रास बराच वाढतो पण कसंबसं विनाआधार उभं राहता-चालता येतं, पाचव्यात खुर्ची किंवा पलंग. एकातून दुसऱ्यात कधी जाणार हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुणी पंधरा वर्षं दुसऱ्या टप्प्यावर काढतो.

गोळ्यांचा काळ मात्र ओळखीच्या वळणाने जातो. लेव्होडोपा हे मुख्य औषध, मेंदूत जाऊन त्याचं डोपामिन होतं. ते रक्तातच संपू नये म्हणून सोबत कार्बिडोपा असतं. पहिली तीन-पाच वर्षं फार चांगली जातात, एखादी गोळी तासभर उशिरा घेतली तरी कळत नाही. नंतर पेशी इतक्या कमी होतात की डोपामिन साठवायला जागाच उरत नाही. गोळी सुरू होते, ती संपते, आणि माणूस तिच्याबरोबर चालतो नि थांबतो. सकाळी सातची गोळी दहा वाजताच उतरते, अकराच्या गोळीपर्यंत हात जड. काहींना गोळीच्या भरात अंग नागमोडी हलायला लागतं. घरच्यांना ते कंपापेक्षा भयंकर दिसतं, रुग्णाला बहुधा ताठून बसण्यापेक्षा परवडतं. डोस कमी-जास्त करताना कुणाला कशाचा त्रास होतोय हे डॉक्टरांना वेगवेगळं सांगा.

मग पाय जमिनीला चिकटण्याचा टप्पा येतो. जुन्या वाड्यात हे नेहमी उंबरठ्याशी होतं. माणूस चालत दारापर्यंत येतो आणि तिथेच खिळतो, वरचं शरीर पुढे जातं, पाय मागे राहतात, आणि पडतो. गंमत अशी की हाच माणूस गोदाघाटाच्या पायऱ्या न अडखळता चढू शकतो. पायरी डोळ्यांना 'इथे पाय ठेव' असं सांगते, आणि मेंदूला तो बाहेरचा इशारा पुरतो. सपाट फरशी काहीच सांगत नाही. (घाटावर न्यायचं तर हात धरून. ओल्या दगडावर पडलेल्याचा खुबा मोडतो.) म्हणून दाराच्या अलीकडे-पलीकडे जमिनीवर ठळक रंगाची चिकटपट्टी लावा, दोन पट्ट्यांत ४०-५० सेंटीमीटर अंतर, आणि प्रत्येक पट्टी ओलांडायला सांगा. तालही चालतो: तोंडाने 'एक-दोन' म्हणा, टाळी वाजवा, ढोलाचा संथ ठेका मोबाइलवर लावा. अडकलेल्या माणसाला हाताला धरून ओढलं की तो हमखास पडतो. आधी पूर्ण थांबवा, भार डाव्या-उजव्या पायावर दोन-तीनदा झुलवू द्या, मग मोठं पाऊल.

गोळी, दूध आणि मिसळ

आपल्याकडे गोळी दुधाबरोबर घ्यायची पद्धत आहे. लेव्होडोपाच्या बाबतीत ती नडते. ही गोळी आतड्यातून आणि पुढे मेंदूत ज्या वाटेने जाते त्याच वाटेने प्रथिनांचे घटक जातात. दूध, डाळ, पनीर, अंडं सोबत गेलं की वाटेवर गर्दी होते आणि गोळीला उशीर होतो किंवा ती 'लागूच पडत नाही'. जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी किंवा दीड-दोन तासांनंतर, पाण्याबरोबर घ्या. सुरुवातीला मळमळत असेल तर एखादं साधं बिस्किट चालेल. लोहाची गोळी दोन तास लांब ठेवा. बद्धकोष्ठ सोडवणं हाही गोळ्यांच्या उपचाराचाच भाग आहे, कारण पोट संथ असेल तर गोळी जठरात पडून राहते. प्रथिनं बंद करू नका, हवं तर त्यातली जास्त रात्रीच्या जेवणात घ्या.

गोळ्या अचानक बंद केल्या तर तीव्र ताप, लाकडासारखं ताठणं आणि जिवावर बेतणं असं होऊ शकतं. 'चार दिवस उपवास आहे' किंवा 'आता आयुर्वेदिक सुरू केलंय' हे कारण पुरेसं नाही. खाजकुइलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणजे त्याचा गुण येतो यात आश्चर्य नाही. पण चूर्णाच्या चमच्यात ते किती आहे हे कळत नाही, आणि चालू गोळ्यांवर ते घेतलं की डोस वाढतो. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्यांवर असलेला सरळमार्गी माणूस अचानक ऑनलाइन रमीत पैसे घालवू लागला, खरेदी सुटेनाशी झाली, तर तो स्वभाव नसून औषधाचा परिणाम असू शकतो. डोस बदलला की बहुधा उतरतो. ट्रायहेक्सिफेनिडिल कंपावर स्वस्त आणि जुनं औषध आहे, पण सत्तरीच्या माणसात ते विसराळूपणा आणि भास वाढवतं. खोलीत लहान मुलं किंवा मांजर दिसतं असं आजोबा शांतपणे सांगू लागले तर भूतबाधा न शोधता औषधांची यादी पाहा, आणि लघवीतला जंतुसंसर्गही तपासा.

गिळण्याचा त्रास उशिरा येतो आणि जास्त जीव त्यातच जातात, अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. पातळ आणि कोरडं एकाच घासात असलेले पदार्थ सर्वांत अवघड, आणि मिसळ म्हणजे नेमकं तेच: पातळ रस्सा, त्यात कडक फरसाण. जेवताना ठसका लागत असेल, जेवणानंतर आवाज घोगरा-ओला येत असेल तर स्पीच थेरपिस्टला दाखवा. तोपर्यंत ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, लहान घास, घशातला उतरल्याशिवाय दुसरा नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. मऊ खिचडी चालते. दाटसर पेज पाण्यापेक्षा सुरक्षित.

सकाळी उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब तीनदा मोजा: पाच मिनिटं आडवं राहून, आणि उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर ते डॉक्टरांना सांगा. बीपीची जुनी गोळी कमी करावी लागते असं पुष्कळदा होतं.

दवाखान्यात आणि कचेरीत

तपासणीला जाण्याआधी तीन दिवस तासवार कागद भरा. सकाळी सहा ते रात्री दहा, प्रत्येक तासासमोर तीनच शब्दांपैकी एक: 'चालू', 'बंद', 'जास्त हलतंय'. गोळीच्या वेळेला फुली, जेवणाच्या वेळेला गोल. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टर या कागदावरून जे ठरवू शकतात ते 'मधूनमधून त्रास होतो' या वाक्यावरून ठरवता येत नाही. मेंदूत तार बसवण्याची डीबीएस शस्त्रक्रियाही अशाच नोंदींवरून ठरते: गोळी लागू पडते पण टिकत नाही अशांना तिचा उपयोग, ज्यांना गोळी मुळातच लागू पडत नाही त्यांना सहसा नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक असेल तर सवलती मिळतात. प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. त्या तपासणीला गोळीच्या भरात जाऊन ताठ चालून दाखवलं की टक्के कमी लागतात. म्हणून तासवार कागद तिथेही न्या.

मोतीबिंदू, हर्निया, हाड मोडणं, कशासाठीही भरती व्हावं लागलं तर स्वतःच्या गोळ्या आणि त्यांच्या वेळा लिहिलेला कागद पलंगाशी चिकटवा. वॉर्डातल्या औषधाच्या फेरीची वेळ आणि तुमच्या गोळीची वेळ जुळत नाही. उलटी झाली तर मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिनचं इंजेक्शन आणि रात्री बडबड केली तर हॅलोपेरिडॉल द्यायची सवय सगळीकडे आहे. या तिन्हींनी चालता माणूस एका रात्रीत ताठतो. ही तीन नावं त्याच कागदावर लाल पेनने लिहा, आणि उलटीसाठी डॉम्पेरिडोन किंवा ऑनडॅनसेट्रॉन चालेल का असं ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विचारा.